हॉटेलातल्या टेबलाचा पूर्ण खर्च आधी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉटेलाची, तिथल्या ब्रासरीची (म्हणजे दिवसभर जेवण देणाऱ्या फ्रेंच वळणाच्या रेस्टॉरंटची) किंवा कॉकटेल बारची ओळख अधूनमधून छापून येते. फोटो देखणे असतात, पदार्थांची वर्णनं वाचून भूक लागते आणि शेवटी एक ओळ असते : ‘दोघांसाठी अंदाजे खर्च अमुक रुपये’. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. त्या रकमेत कर धरलेत का, सर्व्हिस चार्ज धरलाय का, नुसतं जेवण धरलंय की दोघांनी एकेक पेयही घेतलंय, याचा पत्ता लागत नाही. वाचक तेवढ्या तयारीने जातो आणि बिलाची घडी उघडल्यावर त्याचा चेहरा पडतो. तो चेहरा मी फार जवळून पाहिला आहे, म्हणून लिहितो आहे.

दादरच्या केटरिंग कॉलेजात शिकून मी हॉटेलांत लागलो आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिलो. आधी स्टुअर्ड म्हणजे वेटर, मग बारच्या मागे, मग कॅप्टन म्हणजे वेटरांचा प्रमुख, शेवटी रेस्टॉरंटचा व्यवस्थापक. आता डोंबिवलीत असतो. माझा धंदा माहीत असल्यामुळे सोसायटीतली मंडळी हक्काने विचारायला येतात. कुणाच्या मुलाला पहिली नोकरी लागलेली असते, कुणाच्या आईबाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस असतो. पोरं म्हणतात, या वेळी नेहमीच्या ठिकाणी नको, मोठ्या हॉटेलात जाऊ. मग घरात चर्चा सुरू होते : खर्च किती येईल, कपडे काय घालायचे. आणि एक प्रश्न कुणीच मोठ्याने विचारत नाही, की तिथे आपल्याला नीट वागवतील ना?

ताजमहाल हॉटेल 1903 साली उघडलं. त्यातला हार्बर बार 1933 पासून आहे. हॉटेल मागे दिसेल असा फोटो गेटवेपाशी काढून घरी परतणाऱ्या मराठी कुटुंबांच्या किती पिढ्या त्यानंतर झाल्या! पैसे नव्हते हे एक कारण. पण आज अनेक घरांत वर्षातून एकदा असा खर्च करण्याइतके पैसे आहेत आणि तरीही पाय अडखळतो, कारण आत गेल्यावर नेमकं काय होणार हे आधी कळत नाही. ज्याला ते कळतं तो ऐटीत बसतो. ज्याला कळत नाही तो मेनूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो, चौघांत दोन सूप मागवतो आणि गोडाला ‘पोट भरलं’ म्हणतो. मुलीच्या पहिल्या पगाराची पार्टी अशी होऊ नये.

ब्रासरी या प्रकाराला खरं तर घाबरण्यासारखं काही नाही. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकात या जागा रुजल्या. तिथली बोफँजे ही ब्रासरी 1864 ची, लिप 1880 ची, आणि दोन्ही सुरू करणारे अल्सास प्रांतातून आलेले. ताजी बिअर, सॉसेज-कोबीचं गरम ताट, पांढरे एप्रन बांधलेले वेटर आणि दिवसातल्या कुठल्याही वेळी पोटभर जेवण, असा मामला. सात-आठ कोर्सचं गंभीर जेवण, काट्या-चमच्यांची रांग, दबलेले आवाज हे ब्रासरीचं वळण नाही. दुपारी चार वाजता नुसतं सूप आणि पाव घेऊन बसलात तरी चालतं. आपल्याकडच्या हॉटेलांनी ही कल्पना उचलली, तिच्याशेजारी कॉकटेल बार जोडला आणि भाव मात्र पंचतारांकित ठेवले.

तेव्हा आधी भावाचं बोलू. जिथे एखाद्याही खोलीचं भाडं दिवसाला 7500 रुपयांच्या वर जातं, त्या हॉटेलाच्या रेस्टॉरंटात जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो. बाहेरच्या एखाद्या चांगल्या वातानुकूलित रेस्टॉरंटात तो 5 टक्के असतो. आपल्या माणसांना सवय त्या पाच टक्क्यांची असते. आता समजा, मेनूकार्डावरच्या भावाने जेवण 4000 रुपयांचं झालं. हॉटेलाने 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर झाले 4400. जीएसटी या 4400 वर लागतो, 4000 वर नाही. म्हणजे आणखी 792. एकूण 5192. सर्व्हिस चार्ज नसता तर 4720 झाले असते. ही आकडेमोड टेबलावर बसून कुणी करत नाही, करावीही लागू नये.

पेयांचा हिशेब आणखी वेगळा. मद्य जीएसटीत येतच नाही, त्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि त्याचा दर बारच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी जेवणाचं बिल एक आणि मद्याचं दुसरं, अशी दोन बिलं येतात. बिनमद्याचं कोकम घातलेलं पेय जेवणाच्या बिलात आणि त्याच ग्लासात जिन घातली की ते दुसऱ्या बिलात. मी कॅप्टन असताना दुसरं बिल ठेवताना आधी दोन वाक्यांत समजावून सांगायचो, कारण पाहुण्याला वाटायचं आपल्याकडून दोनदा पैसे घेतायत.

सर्व्हिस चार्जबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवडणार नाही. हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही आणि दुसऱ्या कुठल्या नावाखालीही घेता येणार नाही. हॉटेलवाले न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. तरीही बिलात ती ओळ दिसली तर ‘हे काढून द्या’ एवढं म्हणायला अपमान वाटून घेऊ नये. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. वेटरच्या घरी या पैशाने काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे, माझ्या मुलांच्या फिया त्यातूनच भरल्या गेल्या. म्हणूनच सांगतो, टिप द्या, जमेल तेवढी द्या, पण ती ज्याने वाढलं त्याच्या हातात आपल्या मर्जीने द्या. यंत्राने छापलेल्या ओळीतून ती त्याच्यापर्यंत किती पोहोचते, हे पाहुण्याला कधीच कळत नाही.

बाटलीबंद पाण्याचंही तसंच. हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये तसा निकाल दिला आहे. पाच माणसांच्या टेबलावर बाटल्या एकामागून एक उघडल्या जातात आणि त्याचेच पाच-सातशे रुपये होऊन बसतात. बसल्या बसल्या ‘साधं गाळलेलं पाणी द्या’ म्हणावं. चांगल्या हॉटेलात ते विनातक्रार देतात.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फसगत पैशाची होत नाही, मनाची होते. ब्रासरीतला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कांद्याचं सूप. ते करताना मी शेकडो वेळा पाहिलं आहे. उभा चिरलेला कांदा लोण्यात मंद आचेवर पाऊणएक तास परतत राहायचा. आधी तो पारदर्शक होतो, मग पिवळा, मग तळाला धरायला लागतो, तो खरवडून पुन्हा मिसळायचा, शेवटी गुळासारखा तपकिरी आणि गोड होतो. मग त्यात पाणी जात नाही, स्टॉक जातो, म्हणजे हाडं किंवा भाज्या उकळून काढलेला अर्क. वरून पावाची भाजलेली चकती, त्यावर चीज, आणि भांडं तसंच भट्टीत. टेबलावर येतं तेव्हा चीजवर बुडबुडे असतात आणि नाव असतं कांद्याचं सूप. तो स्टॉक मूळ पद्धतीत गोमांसाच्या हाडांचा. महाराष्ट्रात 2015 पासून गोवंश हत्याबंदी असल्यामुळे इथे म्हशीच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असू शकतो. काही ठिकाणी भाज्यांचाही करतात आणि मेनूवर हिरवा ठिपका असतो. पण ठिपका दिसला नाही तर विचारलंच पाहिजे. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे बारीक मासे असतात. ब्लडी मेरी या टोमॅटोच्या कॉकटेलमध्ये जे वूस्टर सॉस घालतात त्याच्या मूळ कृतीतही तेच मासे. विस्की सावर या कॉकटेलवर जो पांढरा मऊ फेस दिसतो तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा. मूस किंवा पाना कोटा या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. श्रावण पाळणाऱ्या सासूबाईंना घेऊन जाणाऱ्या सुनेला हे कोण सांगणार? तिने फोनवर एवढंच विचारावं : ‘आमच्यात दोघी पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही नाही. शेफना विचारून काय काय चालेल ते सांगाल का?’ आदल्या दिवशी विचारलं तर शेफ खुशीने वेगळं काही करतात. गर्दीच्या वेळी, रात्री नऊला विचारलं तर वेटरच अंदाजाने उत्तर देतो, आणि तो अंदाज चुकू शकतो.

आता बार. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे. त्यानुसार मद्य प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. ‘परमिट रूम’ ही पाटी त्यातूनच आली. विस्की, जिन, रम, व्होडका यांसाठी वय 25 पूर्ण हवं, बिअरसाठी 21. म्हणजे बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलाच्या पार्टीत त्याच्यापुढे जिनचं कॉकटेल कायद्याने ठेवता येत नाही. गोव्यात ही मर्यादा 18 आहे, त्यामुळे तिथे सुट्टी घालवून आलेल्या पोरांचा इथे गोंधळ होतो, आणि बारमनने वय विचारलं की आईवडिलांनाच राग येतो. त्याच्यावर रागावू नका, बारचा परवाना त्यावर टांगलेला असतो. तारीख ठरवताना कॅलेंडरही बघावं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी बार बंद. मतदान असेल तर ते संपण्याआधीचे 48 तासही.

कॉकटेलची किंमत बघून लोक म्हणतात, ‘साठ मिली दारूचे एवढे पैसे?’ ज्या बारमध्ये काम मन लावून होतं तिथे ते पैसे कशाचे असतात ते सांगतो. नेग्रोनी हे कॉकटेल घ्या. जिन 30 मिली, कॅम्पारी हे कडसर लाल मद्य 30, गोड वर्मूथ म्हणजे मसाल्यांची वाइन 30. मोजमापात थेंबाचा फरक चालत नाही. मोठ्या ग्लासात बर्फावर हे तिन्ही ओतून लांब दांड्याच्या चमच्याने ढवळायचं, पण आवाज न करता, चमच्याची पाठ काचेला टेकवून गोल फिरवत. बर्फ किती वितळला हे हाताला कळतं. कमी वितळला तर घोट जिभेला चावतो, जास्त झाला तर पाणचट. मग एका मोठ्या, नितळ बर्फाच्या तुकड्यावर गाळून ओतायचं. शेवटी संत्र्याच्या सालीचा तुकडा ग्लासावर धरून पिळायचा. दिव्याच्या उजेडात सालीच्या तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो आणि वास पाहुण्याच्या नाकाशी आधी जातो, घोट नंतर. लिंबाचा रस तर चांगल्या बारमध्ये रोज संध्याकाळी उघडण्याआधी काढतात, कारण कालचा रस कडवट होतो. हे सगळं बघायचं असेल तर टेबलापेक्षा काउंटरवरची जागा मागा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सात वाजायच्या आत गेलात तर बारमनलाही बोलायला वेळ असतो. त्याला नावं सांगायची गरज नाही. ‘आंबट आवडतं, फार गोड नको, हलकं हवं’ एवढं सांगितलं की तो कामाला लागतो. गोव्यात गाळलेल्या जिन आता पुष्कळ मिळतात, 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणीही हल्ली मोठ्या हॉटेलांच्या बारमध्ये दिसते. मी नोकरीला लागलो तेव्हा फेणीची बाटली तिथे कुणी ठेवली नसती. हा बदल मला मनापासून आवडतो.

एका पेयाबद्दल मात्र सावध करतो. लाँग आयलंड आइस टी. नावात चहा, रंग चहाचा, चव कोलाची. प्रचलित कृतीत व्होडका, टकीला, पांढरी रम, जिन आणि संत्र्याचं लिक्युअर, प्रत्येकी 15 मिली. पाचही मिळून 75, म्हणजे मोठ्या पेगपेक्षा जास्त. पहिल्यांदा बारमध्ये आलेली मुलं सरबतासारखं दोन ग्लास पितात आणि उठताना त्यांचा तोल जातो. अशा मुलांना हळूच पाणी आणि पाव देऊन बसवून ठेवणं हे आम्ही बारच्या मागून किती वेळा केलं असेल! गाडी न्यायची असेल तर चालवणाऱ्याने एक घोटही घेऊ नये. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

उरला पोशाख, आणि इथे माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. माझे साडू सांगलीहून आले होते. त्यांना घेऊन आम्ही एका हॉटेलच्या बारमध्ये टेबल राखून गेलो. अंगात इस्त्रीचा कुर्ता, पायात नवीन कोल्हापुरी. दारावरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की पुरुषांच्या पायाची बोटं झाकलेली हवीत. आरक्षण करताना फोनवर नाव, वेळ, माणसं किती, मोबाइल नंबर, कुणाचा वाढदिवस आहे का, हे सगळं विचारून झालं होतं. पायात काय हवं ते मात्र कुणी बोललं नव्हतं. साडू हसून ‘तुम्ही जा, मी खाली थांबतो’ म्हणाले. आम्ही कुणीच गेलो नाही. त्या मुलीला मी दोष देत नाही, ती नियम पाळत होती. नियम करणाऱ्यांना माझं सांगणं आहे : या महाराष्ट्रात कोल्हापुरी चप्पल हा माणसाचा सणाचा, लग्नाचा जोडा आहे. तो तुमच्या बारमध्ये चालत नसेल तर ते फोनवर सांगा, संकेतस्थळावर मराठीत लिहा. दाराशी सांगू नका. ‘स्मार्ट कॅज्युअल’ या दोन शब्दांतून इचलकरंजीच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाने काय समजावं?

तसंच गुडघे दुखणाऱ्या आजीचं. ब्रासरी तळमजल्यावर असते, पण बार कित्येकदा चार पायऱ्या उतरून किंवा अर्धा मजला चढून. स्वच्छतागृह वेगळ्याच टोकाला. खुर्च्या उंच, पाय लोंबकळणाऱ्या. व्हीलचेअर आणणाऱ्या कुटुंबाने हे विचारलं तर त्यांच्यासाठी भिंतीकडेची, हातांची खुर्ची असलेली जागा राखता येते. आम्ही राखायचो. पण ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठीच, हेही खरं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी हॉटेलं स्वतःहून पुढे करत नाहीत. आठवड्यातल्या दुपारी अनेक ब्रासरींमध्ये ठरावीक दरात दोन-तीन पदार्थांचं जेवण असतं. तेच स्वयंपाकघर, तेच शेफ, खिडकीजवळचं टेबल मिळण्याची शक्यता जास्त, आणि खर्च रात्रीपेक्षा बराच कमी. वाढदिवस रविवारी रात्रीच साजरा करायला हवा असं थोडंच आहे? दुपारी जेवून, बाहेर समुद्रावर फिरून, संध्याकाळी बारमध्ये प्रत्येकी एक पेय घेऊन सातच्या लोकलने घरी येता येतं. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी हेच सुचवतो आणि बहुतेकांना ते मानवतं.

आता मूळ मागणी. संपादक महोदय, आपले प्रतिनिधी या जागांवर जातात, खातात, लिहितात. त्यांनी लेखाखाली एक छोटी चौकट द्यावी. दोघांनी नेमकं काय मागवलं आणि सगळे कर धरून हातात आलेलं बिल किती होतं. सर्व्हिस चार्ज लावला होता का आणि काढा म्हटल्यावर काढला का. पायऱ्या किती. चप्पल चालते का. पूर्ण शाकाहारी माणसाला खरोखर किती पदार्थ उरतात. शेवटची ऑर्डर किती वाजता. जिथे जेवण हॉटेलाच्या निमंत्रणावरून झालं असेल, तिथे तसं लिहावं, कारण फुकट जेवलेल्या माणसाने दिलेला ‘अंदाजे खर्च’ मेनूकार्डावरून काढलेला असतो, बिलावरून नाही. एवढी जागा नसेल तर दोन फोटोंपैकी एक कमी करून तिथे बिलाचाच फोटो छापावा. पाच माणसांच्या घराला त्यावरून आपला हिशेब मांडता येतो.

आपला,
एक निवृत्त रेस्टॉरंट व्यवस्थापक
डोंबिवली (पूर्व)